मेमरी त्रुटी शोधक साधने

मेमरी त्रुटी शोधक साधने ही संगणकाच्या आज्ञावलीत मेमरीचा चुकीचा वापर कोठे होतो, हे शोधून काढणारी सॉफ्टवेअरे होत. सी आणि सी++ या भाषांमध्ये मेमरी मागून घेणे, वापरणे आणि काम संपल्यावर परत करणे ही जबाबदारी मुख्यतः आज्ञावली लिहिणाऱ्याची असते. या व्यवहारात चूक झाली तरी भाषा ती आपणहून दाखवत नाही. सदोष आज्ञावली कधी बरोबर उत्तर देते, कधी चुकीचे देते, तर कधी मध्येच बंद पडते. त्यामुळे अशा चुका केवळ वाचून सापडणे कठीण जाते. व्हॅलग्राइंड, अ‍ॅड्रेससॅनिटायझर आणि प्युरिफाय ही या प्रकारातील प्रसिद्ध साधने आहेत.

त्रुटींचे प्रकार

• मर्यादाभंग : राखून ठेवलेल्या जागेच्या पुढे किंवा मागे वाचणे अथवा लिहिणे.
• मुक्तीनंतर वापर : परत केलेली मेमरी पुन्हा वापरणे.
• दुहेरी मुक्ती : एकच मेमरी दोनदा परत करणे.
• अनारंभित वाचन : मूल्य न देताच चल वाचणे.
• मेमरी गळती : मागितलेली मेमरी परत न करणे. दीर्घकाळ चालणाऱ्या आज्ञावलीत यामुळे उपलब्ध मेमरी हळूहळू संपत जाते.

उदाहरण

मराठवाड्यातील ८ जिल्ह्यांचे पर्जन्यमान साठवण्यासाठी ८ घरांचा अ‍ॅरे घेतला, असे समजू. सी भाषेत घरांचे क्रमांक ० ते ७ असतात. विद्यार्थ्याने सवयीने १ ते ८ अशी मोजणी केली, तर आठव्या क्रमांकाचे लेखन अ‍ॅरेबाहेरच्या जागेत होते. तेथे दुसऱ्या एखाद्या चलाचे मूल्य असल्यास ते नकळत बदलते. चूक एका ओळीत आणि तिचा परिणाम भलत्याच ओळीत दिसतो. शोध अवघड होण्याचे कारण हेच आहे.

कार्यपद्धती

या साधनांचे दोन मुख्य वर्ग आहेत. गतिमान साधने आज्ञावली प्रत्यक्ष चालू असताना तिच्यावर लक्ष ठेवतात, तर स्थिर विश्लेषण साधने ती न चालवता तिचा मजकूर तपासतात.

व्हॅलग्राइंडमधील मेमचेक हे गतिमान साधन यंत्रभाषेतील आज्ञावलीवर काम करते. त्यामुळे आज्ञावली पुन्हा संकलित करावी लागत नाही. मेमरीचा कोणता भाग वापरण्यास मोकळा आहे आणि कोणत्या बिटला मूल्य मिळालेले आहे, याची नोंद ते ठेवते. मात्र त्यामुळे आज्ञावली अनेक पटींनी मंदावते.

अ‍ॅड्रेससॅनिटायझर संकलनाच्या वेळीच मेमरीच्या प्रत्येक वापरापूर्वी तपासणीची आज्ञा घालते. मेमरीच्या दर ८ बाइटांसाठी १ बाइटाची ‘छाया’ नोंद ठेवली जाते. अ‍ॅरेच्या दोन्ही बाजूंना निषिद्ध पट्टे सोडलेले असतात. त्यांना स्पर्श होताच आज्ञावली थांबते आणि चुकीची ओळ दाखवली जाते. वरील उदाहरणातील अ‍ॅरे फंक्शनमध्ये स्थानिक चल म्हणून घेतलेला असेल, तर मेमचेकला ही चूक सहसा कळत नाही, अ‍ॅड्रेससॅनिटायझरला कळते. याउलट अनारंभित वाचन मेमचेक दाखवते, अ‍ॅड्रेससॅनिटायझर दाखवत नाही. म्हणून ही दोन्ही साधने परस्परपूरक मानली जातात.

इतिहास

ब्रूस पेरेन्स यांनी १९८७ मध्ये इलेक्ट्रिक फेन्स हे साधन लिहिले. पुढे नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक झालेले रीड हेस्टिंग्ज यांनी १९९१ मध्ये प्युअर सॉफ्टवेअर ही कंपनी स्थापन केली. प्युरिफाय हे तिचे प्रमुख उत्पादन होते. ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्राइंड २००२ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर म्हणून प्रसिद्ध झाले. नॉर्स पुराणकथांतील वल्हाला या प्रासादाच्या प्रवेशद्वारावरून त्याचे नाव घेतले आहे. गूगलमधील कॉन्स्टँटिन सेरेब्र्यानी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अ‍ॅड्रेससॅनिटायझर मांडले. त्याने आज्ञावली सरासरी सुमारे ७३ टक्केच मंदावत असल्यामुळे मोठ्या प्रकल्पांतही त्याचा नियमित वापर शक्य झाला.

महत्त्व

१९८८ मधील मॉरिस वर्मने संगणकांत शिरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक मर्यादाभंगाचा होता. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा ग्रंथालयातील ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला. एका विनंतीमागे ६४ किलोबाइटपर्यंत परकी माहिती त्यातून वाचता येत असे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला २० मूल्ये मिळत असताना त्याने एकविसावे वाचण्याचा प्रयत्न केला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

महाराष्ट्रातील कार्य

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व आराखडा केंद्रात स्थिर विश्लेषणावर दीर्घकाळ संशोधन झाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि सहकाऱ्यांनी मागणीनुसार दिलेल्या मेमरीच्या विश्लेषणावर २००७ मध्ये महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. नांदेड येथील श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९८१) आणि लातूर येथे उपकेंद्र असलेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९९४) येथे संगणक शिक्षण दिले जाते. व्हॅलग्राइंड व अ‍ॅड्रेससॅनिटायझर विनामूल्य असून लिनक्सवरील साध्या संगणकावरही चालतात. त्यामुळे लहान शहरांतील विद्यार्थ्यांनाही ती सहज वापरता येतात.

मर्यादा

गतिमान साधनांना आज्ञावलीचा जो भाग प्रत्यक्ष चालला, त्यातीलच चुका दिसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी आज्ञावलीला यादृच्छिक निविष्टी सतत पुरवणारी फझिंग ही पद्धत त्यांच्या जोडीने वापरतात. स्थिर साधने न चाललेले मार्गही तपासतात. परंतु त्यांच्या इशाऱ्यांपैकी काही निराधार ठरतात. कोणतेही साधन सर्व त्रुटींच्या अभावाची सर्वसाधारण हमी देऊ शकत नाही. म्हणून रस्टसारख्या, अशा बहुतेक चुका संकलनाच्या वेळीच नाकारणाऱ्या भाषांचा वापर वाढत आहे.