मालेगावची आकाशरेषा : धूर, मिनार आणि न दिसणारे माग

आज आपल्याला एका फोटोबद्दल बोलायचं आहे. मालेगावचा फोटो. या ना त्या रूपात तुम्ही तो पाहिलेला असणार. उंच गच्चीवरून, हल्ली ड्रोनवरून घेतलेला. पुढे पत्र्यांची दाटी, त्यातून वर आलेले मशिदींचे मिनार, पलीकडे देवळाचं शिखर, किल्ल्याचा बुरूज, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे आणि या सगळ्यांमधून काळा धूर सोडणारी धुराडी. खाली ओळ ठरलेली : ‘विरोधाभासांचं शहर’. स्कायलाईन म्हणतात ती ही. आपण तिला आकाशरेषा म्हणू. माझा प्रश्न साधा आहे. या चित्रातून आपण जे समजतो, ते समजण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

आधी इतिहास पाहू. मालेगाव मोसम आणि गिरणा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलं आहे. सपाट मुलूख. इथं नजरेत भरणारी पहिली मोठी उंची उभी केली ती नारोशंकर राजेबहाद्दरांनी. १७४० च्या सुमारास त्यांनी मोसमच्या काठी भुईकोट किल्ला बांधायला घेतला. नाशिकला गोदावरीकाठी ज्यांच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारोशंकर. एकाच माणसाने एका गावाला देऊळ दिलं आणि दुसऱ्याला तट.

या तटाकडे अगदी बारकाईने पाहणारे पहिले परके लोक कोण असतील? तोफखान्याचे गोलंदाज. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. आत अरब शिबंदी होती. मे अखेरचा हल्ला फसला, पेठ मात्र इंग्रजांच्या हाती गेली. पुढे दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला, तट ढासळला आणि १३ जूनला शिबंदीने शरणागती पत्करली. तोवर इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली होती. लक्षात घ्या, गोलंदाजालाही शहराची आकाशरेषाच हवी असते : बुरूज किती उंच, तट कुठे कच्चा. आत कोण राहतं, काय खातं, हे त्याच्या कामाचं नसतं. लांबून आणि उंचावरून पाहण्याची ही सवय कॅमेऱ्याच्या आधीची आहे. आज त्याच किल्ल्यात शाळा भरते.

त्यानंतर शहर बदललं ते कापडामुळे. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर कुटुंबं आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आली आणि मालेगावात स्थिरावली. हातमागावरची इथली रंगीत लुगडी नावाजलेली होती. १९३० च्या दशकात वीज आली, माग यंत्रावर चालू लागले. आज या शहरात लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास. आता मघाच्या फोटोत माग शोधा बरं. एकही दिसणार नाही.

इथं मला फोटोग्राफीच्या बालपणातली एक गोष्ट आठवते. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. काच कित्येक मिनिटं उघडी ठेवावी लागे. त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळं पुसलं गेलं. उरला एक माणूस, बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला. गजबजलेला रस्ता चित्रात ओस पडला. त्या फोटोने खोटं काही दाखवलं नाही. पण जे हलत होतं ते त्याला पकडता आलं नाही. आकाशरेषेच्या फोटोचंही तसंच आहे. जे उंच आहे ते त्यात उरतं आणि जे बुटकं आहे ते पुसलं जातं.

आपल्याकडे मीमांसकांनी या गोष्टीचा फार नेमका विचार केला आहे. अनुपलब्धी म्हणजे न दिसणं, आणि त्यावरून ‘नाही’ असं ज्ञान होऊ शकतं. पण अट अशी की, ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर तांब्या दिसत नाही, म्हणजे तो नाही. अंधारात दिसत नाही, यावरून काहीच ठरत नाही. पत्र्याखालचा माग उंचावरून दिसणं शक्यच नसेल, तर फोटोवरून ‘हे मिनारांचं आणि धुराड्यांचं शहर’ असं म्हणता येत नाही. हे मागांचं शहर आहे. त्याचा आवाज कॅमेऱ्यात येत नाही, एवढंच. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी खडखडाट थांबतो, तेव्हा नवख्या माणसालाही तो रोज किती असतो हे कळतं.

आता धुराकडे येऊ. न्यायशास्त्राचं ठेवणीतलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे : डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं अग्नी आहे. मालेगावच्या बाबतीत हे अनुमान आपण फार झटकन करतो. वर्तमानपत्रात मालेगाव, चित्रात धूर, म्हणजे दंगल. ८ सप्टेंबर २००६ ला इथं बॉम्बस्फोट झाले, माणसं मेली. अटक झाली ती नऊ मुस्लिम पुरुषांना, त्यांतले बरेचसे इथलेच. पाच वर्षं ते तुरुंगात होते. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. अनुमान घाईत केलं की त्याची किंमत कोण मोजतो, हे यावरून कळावं.

मग फोटोतला धूर कसला? तो सायझिंगचा. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावून वाळवतात. त्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला धुराडं. म्हणजे धूर दिसला की अग्नी आहेच, पण तो चुलीशी जोडलेला अग्नी आहे. हजारो घरांचं जेवण त्यावर शिजतं. नैयायिक इथं आणखी एक बारकावा दाखवतात. धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाही, कारण धुराला ओलं जळण लागतं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. याला ते उपाधी म्हणतात. मला वाटतं, मालेगावात विचारायचा प्रश्न नेमका हाच आहे : जळण कोणतं? स्वस्त पडतं म्हणून बॉयलरमध्ये प्लास्टिकचा कचरा जाळला जातो, ही शहरातली जुनी तक्रार आहे. तो धूर श्वासात घेणारे लोक त्याच धुराड्याच्या सावलीत राहतात. चित्रात धूर शोभून दिसतो, संध्याकाळच्या प्रकाशात तर फारच. पण जळणाचा प्रश्न त्या शोभेत विरून जातो.

राहिला ‘विरोधाभास’. मोसमच्या एका बाजूला बहुतांशी मुस्लिम वस्ती आणि माग, दुसऱ्या बाजूला कॅम्प, संगमेश्वर, बहुतांशी हिंदू वस्ती. लांब पल्ल्याची लेन्स लावली की नदी नाहीशी होते आणि मिनार नि शिखर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. कुणी त्याला ऐक्य म्हणतं, कुणी संघर्ष. दोन्ही अर्थ लेन्सने तयार केलेले. खरं नातं खाली आहे. सुताचे व्यापारी बरेचसे मारवाडी-गुजराती, विणणारे बहुतेक मोमीन, आजूबाजूच्या गावांतून रोज कामाला येणारे शेतकरी घरांतले. सुताची बिलं थकली तर नदीच्या दोन्ही काठांवर झोप उडते. याला विरोध म्हणायचं का? ताणा उभा असतो, बाणा आडवा. दिशा उलट्या आहेत म्हणूनच कापड होतं. मी नातं गोड करून सांगत नाही. इथं दंगली झाल्या आहेत, अविश्वास आहे. पण अवलंबून असणं हेही तितकंच खरं आहे, आणि ते कोणत्याच गच्चीवरून दिसत नाही.

या शहराने आपलं चित्र स्वतःही काढलं आहे, हे विसरू नये. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. नायक यंत्रमागावर काम करणारा, अंगकाठीने बारीक. २००८ मध्ये फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. अमेरिकेतला सुपरमॅन गगनचुंबी इमारतींवरून उडतो; हा हिरव्या पडद्यापुढे लटकून आपल्याच धुराच्या, घाणीच्या शहरावर उडतो आणि लोक हसतात. ते हसणं आतल्या माणसाचं आहे. बाहेरच्याला जिथं करुण दृश्य दिसतं, तिथं त्यांना आपली गल्ली दिसते.

तेव्हा फोटो काढू नका असं मी म्हणणार नाही. जरूर काढा. फक्त खाली ‘विरोधाभासांचं शहर’ लिहिण्याऐवजी एवढंच लिहा : कुठल्या काठावरून काढला, कुठल्या वारी, किती वाजता, आणि धूर कशाचा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गच्चीवर मिळत नाही. त्यासाठी जिना उतरून सायझिंगच्या दारात जावं लागतं आणि बॉयलरपुढच्या माणसाला विचारावं लागतं, आज काय जाळताय?