जूचंद्र परिसरातील जुन्या वाटा व खाडीउतार

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव वसई खाडीच्या उत्तरेस, नायगाव व मुंबई–अहमदाबाद महामार्ग यांच्या दरम्यान वसलेले आहे. चंडिकादेवीची टेकडी वगळता सभोवतालचा बराच भाग सखल असून तेथे पूर्वी भातखाचरे, खाजणे व मिठागरे पसरलेली होती. खाडी म्हणजे उल्हास नदीचा उत्तरेकडील फाटा; तिच्या दक्षिणेस साष्टी बेट आहे.

अशा प्रदेशात वाट व बांध यांत फारसा भेद नसतो. शेतात खारे पाणी शिरू नये म्हणून घातलेला बांध हीच पायवाट. बैलगाडी चाले ती उघाडी पडून चिखल सुकल्यावर. खाडी ओलांडायची तर होडी, आणि होडीची वेळ ठरे ती भरतीवरून. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते, हा कोकण किनाऱ्यावरील जुना आडाखा होय. त्यानुसार अष्टमीस ती सहाच्या, तर पौर्णिमेस सव्वाअकराच्या आगेमागे येते. खाडीत आत काहीशी उशिरा. लोकस्मृतीत साल-महिने पुसट होतात, परंतु असे आडाखे व उतारांची नावे टिकतात. म्हणून या विषयात तीच अधिक विश्वसनीय मानावी लागतात.

या उतारांपैकी घोडबंदर हा महत्त्वाचा. तेथे घोडे उतरविले जात, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व घोडबंदर घेतल्याने पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसईचा साष्टीशी असलेला दुवा तुटला. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली ती १७३९ मध्ये. पुढे महामार्गाचा पूलही घोडबंदरजवळच, वरसावे येथे झाला व २०२३ मध्ये त्याच्या शेजारी नवा पूल खुला झाला.

पश्चिमेस, नायगाव व भाईंदर यांच्या दरम्यान, १८६४ च्या सुमारास लोहमार्गाने खाडी ओलांडली. हा मार्ग खाडीतील पाणजू बेटावरून जातो. मात्र बेटवासीयांना त्याचा उपयोग बेताचाच झाला. माथ्यावरून गाड्या धावत असताना त्यांचे नायगावला जाणे-येणे होडीनेच होत राहिले. जूचंद्रचे तसे झाले नाही. वसई रोड–दिवा मार्गावर गावाला स्वतःचे स्थानक मिळाले व कामण, खारबाव, भिवंडीकडील प्रवास रुळांवरून होऊ लागला. बांधावरील वाटा त्यानंतर शेतापुरत्या उरल्या. जेथे मिठागरे बुजली, तेथे त्याही गेल्या.

वसई व भाईंदर यांच्या दरम्यान २०२४ मध्ये वाहने वाहून नेणारी बोटसेवा सुरू झाली. तिच्या वेळापत्रकातही भरती-ओहोटी पाहावी लागते.