आधणाची विद्या : प्रस्तावना

चहा-कॉफीवरची बहुतेक पुस्तके पानापासून नाहीतर बीपासून सुरू होतात. आधी आसामचा मळा, चिकमगळूरचा डोंगर, मग व्यापार, मग साम्राज्य. पाणी आणि भांडे यांचा नंबर शेवटी लागतो, तोही उरकल्यासारखा. या रिवाजाला पहिला अपवाद पहिल्याच ग्रंथाचा आहे. आठव्या शतकात, तांग राजवटीच्या काळात, चीनमधल्या लु यूने चहावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातला चौथा भाग निव्वळ उपकरणांचा आहे आणि पाचवा चहा उकळण्याचा. आधणाच्या तीन अवस्था त्याने नोंदवल्या आहेत. माशाच्या डोळ्याएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज ही पहिली, कडेने मोत्यांचे सर सुटावेत तसे बुडबुडे ही दुसरी, आणि लाटा उसळू लागणे ही तिसरी. त्यानंतरचे पाणी त्याच्या लेखी म्हातारे झालेले, पिण्याच्या कामाचे नाही. तापमापक यायला अजून आठ-नऊशे वर्षे होती, तरी या माणसाने डोळ्यांनी आणि कानांनी तापमान मोजायची पद्धत बसवून दाखवली.

त्याने जे पाहिले त्याचे कारण आज सांगता येते. सुरुवातीचे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. मग तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरताच मिटतात, आणि त्या मिटण्याचा आवाज म्हणजेच किटलीचा आवाज. पूर्ण उकळी फुटली की बुडबुडे न मिटता वर पोचतात आणि आवाज खाली बसतो. कान तयार असलेल्या माणसाला उकळी यायच्या आधीचे काही अंश दुसऱ्या खोलीतूनही कळतात.

उकळीचे तापमानही सगळीकडे एक नसते. समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सियस असते आणि दर ३०० मीटर उंचीला अंदाजे एका अंशाने उतरते. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला ९५-९६ला. परदेशी कॉफीपुस्तकात ‘उकळी आल्यावर थोडे थांबा’ असे छापलेले असते, ते किनाऱ्याजवळच्या वाचकासाठी. महाबळेश्वरकराने थांबायचे काही कारण नाही.

साधने घ्यायला निघालेल्या वाचकाला माझा पहिला प्रश्न किंमतीचा नसतो. तुम्ही पान उकळता, की पानावर पाणी ओतता? या क्षेत्राचे दोन मोठे भाग इथेच पडतात, आणि दुकानदार हा प्रश्न विचारत नाही म्हणून पुष्कळ घरांच्या माळ्यावर न वापरलेल्या किटल्या पडून असतात.

महाराष्ट्रातली बहुतेक घरे उकळणाऱ्यांची. आपली चहापूड म्हणजे सीटीसी. पान चिरडून, फाडून, गुंडाळून त्याचे दाणे करणारे हे यंत्र १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी आणले. या दाण्यांतून रंग आणि कडकपणा झपाट्याने उतरतो. दुधातली प्रथिने चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून दाणे दोन-चार मिनिटे उकळले तरी जीभ आखडत नाही. तेच दार्जिलिंगच्या पूर्ण पानाला केले तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि मागे नुसता तुरटपणा उरतो. तेव्हा दूध, साखर, आले, गवती चहा यांचा चहा पिणाऱ्याला किटलीची गरजच नाही. त्याला हवे जाड बुडाचे, चोच असलेले पातेले, चांगली सांडशी आणि बारीक जाळीचे गाळणे. अमृततुल्यवाले पितळी पातेल्यात चहा करतात. पितळेत उष्णता लवकर आणि सारखी पसरते, त्यामुळे दूध तळाला लागत नाही. घरी पितळ वापरायचे तर आतून कल्हई हवी, ती झिजली की पुन्हा करून घ्यायला हवी. एवढी उस्तवार नको असेल तर तळाला ॲल्युमिनियमचा थर असलेले स्टीलचे पातेले उत्तम. या वाचकाने ही प्रस्तावना इथेच मिटली तरी त्याचे नुकसान नाही.

फक्त एक इशारा. विजेच्या किटलीत दूध घालू नये. दूध तापलेल्या तळाला चिकटून करपते, आणि किटली बंद करणारी वाफ पुरेशी जमायच्या आत ते उतू जाते. वसतिगृहात हा प्रयोग दरवर्षी नव्याने होतो.

ओतणाऱ्यांचा मामला वेगळा आहे. पूर्ण पानाचा काळा चहा असेल तर पाणी खळखळते हवे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चहाचे अकरा नियम लिहिले. चहादाणी किटलीपाशी न्यावी, किटली चहादाणीपाशी आणू नये, हा त्यांतला एक. तो हट्ट वाटतो, पण त्यामागे भौतिकशास्त्र उभे आहे. ३०० ग्रॅम वजनाच्या थंड स्टीलच्या भांड्यात ३०० मिलिलिटर उकळते पाणी ओतले, तर दोघांचे तापमान जुळेपर्यंत पाणी साधारण आठ अंशांनी उतरते. जाड चिनी मातीचे भांडे तर त्याहून जास्त उष्णता ओढून घेते. म्हणून चहादाणी आधी गरम पाण्याने विसळायची. हिरव्या चहाला मात्र ही घट कामाची आहे. त्याला ७० ते ८० अंशांचे पाणी पुरते, त्याहून गरम असेल तर तो कडवट होतो. जपानी लोक पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून निववतात, आणि त्यासाठी त्यांनी वेगळे भांडेच केले आहे. आपल्याकडे दोन पेले असतातच. तापमान ठरवता येणारी किटली केवळ हिरव्या चहासाठी घेणाऱ्याने दोन पेल्यांची पद्धत आधी आठवडाभर करून पाहावी.

चहाला आंतरराष्ट्रीय मानकही आहे. १९८० सालचे आयएसओ ३१०३ सांगते, की दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घ्या आणि सहा मिनिटे मुरवा. या मानकाची पुष्कळ थट्टा झाली. पण उत्तम चहा करणे हा त्याचा हेतूच नाही. दोन ठिकाणच्या चाखणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावे, म्हणून सगळ्यांनी एकाच रीतीने बिघडवलेला चहा चाखावा, इतकेच त्याचे म्हणणे. घरगुती अभ्यासकाने ही दृष्टी जरूर उचलावी. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या.

आता कॉफी. सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

आज महागडी दिसणारी कागदी गाळणीची कॉफी टाकाऊ वस्तूंतून आली आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने खिळ्याने भोके पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घालून कॉफी गाळली आणि १९०८ साली त्या युक्तीची नोंदणी केली. आपल्या दक्षिणेतला दोन मजली फिल्टर त्याच कुळातला, फक्त त्यात कागद नाही. वरच्या डब्यात पूड दाबायची, उकळते पाणी घालायचे आणि झाकून विसरून जायचे. डिकॉक्शन थेंबाथेंबाने उतरते. पुडीत चिकोरी असेल तर आणखी सावकाश आणि आणखी दाट. या फिल्टरला लांब मानेची किटली लागत नाही, तापमापकही लागत नाही. मुंबईकराला माटुंग्यात ताजी दळलेली पूड मिळते, म्हणजे दळायचे यंत्रही लागत नाही. कमी खर्चात खरी कॉफी प्यायची असेल तर माझी शिफारस डोळे मिटून हीच, आणि हिच्यावरून हौशी लोकांशी माझे वाजते.

हौशी लोकांचे म्हणणेही ऐकायला हवे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात कॉफीचा कडकपणा आणि पुडीतून उतरलेला अंश यांची सांगड घालणारा आलेख मांडला. पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की कॉफी तोलाची, त्याखाली आंबट-पातळ, त्यावर कडू, हा आडाखा तिथून आला. मग तो तोल साधण्यासाठी ९० ते ९६ अंशांचे पाणी हवे असे ठरले, आणि अंश दाखवणाऱ्या किटल्यांचा बाजार उभा राहिला. गंमत म्हणजे २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ८७, ९० आणि ९३ अंशांवर ठिबक कॉफी करून चाखणाऱ्यांपुढे ठेवली. कडकपणा आणि उतारा सारखा राखला तेव्हा तापमानाचा चवीवर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे काम करतात ते दळण, प्रमाण आणि वेळ. तापमान त्यांच्यामार्फत काम करते.

पैशाचा क्रम यावरून लागतो. पहिला खर्च ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर. स्वयंपाकघरातला साधा काटा चालतो, आणि लिटरला ५५ ते ६० ग्रॅम पुडीचे प्रमाण धरून सुरुवात करता येते. दुसरा खर्च हाताने फिरवायच्या दळणीवर, म्हणजे दोन दातेरी चाकांमधून बी भरडणाऱ्या यंत्रावर. मिक्सरचे पाते बी तोडते, भरडत नाही. त्यात पीठ आणि भरड एकत्र निघते, पीठ कडवटपणा देते आणि भरड आंबटपणा, आणि दोष दिला जातो बियांना. किटली तिसऱ्या क्रमांकावर. हंसाच्या मानेसारखी तोटी असलेली किटली घ्यावी ती धार आवरण्यासाठी, अंश मोजण्यासाठी नव्हे. बारीक, संथ धारेने पूड सारखी भिजते. ते काम चुलीवरची, विजेची तार नसलेली अशी किटलीही करते, आणि ती बरीच स्वस्त पडते. उलट पाच-सात हजारांची किटली घेऊन तिच्यात महिन्यापूर्वी दळलेली पूड भिजवणारे लोक मी पाहिले आहेत. चहापेक्षा किटली गरम, ती अशी.

साध्या विजेच्या किटलीबद्दल थोडे हिशेबाने बोलू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. १५०० वॉटच्या किटलीला त्यासाठी साडेतीन मिनिटे पुरावीत, गळतीसह चार. वीज साधारण एक दशांश युनिट. एका कपापुरते पाणी तर मिनिटभरात होते, पण किटलीच्या किमान पातळीच्या रेघेखाली पाणी ठेवता येत नाही. म्हणून एकट्या-दुकट्याने दीड लिटरची किटली घेऊ नये, लहान घ्यावी. आतून पूर्ण स्टील असावे आणि पाण्याला लागणारे प्लॅस्टिक कमीत कमी. आयएसआय चिन्ह पाहावे. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते, तेव्हा ६ अँपिअरच्या खटक्यावर ती रोज लावणे बरे नव्हे. तिला १६ अँपिअरचा खटका द्यावा.

उकळी आली की किटली आपोआप बंद होते, ती पाण्याचे तापमान मोजून नव्हे. वाफ एका नळीतून हँडलजवळच्या दुहेरी धातूच्या चकतीपर्यंत जाते, चकती वाकते आणि खटका पडतो. झाकण उघडे राहिले तर वाफ तिकडे जात नाही आणि किटली खळखळत राहते. किटली बिघडली म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी झाकण तपासावे.

परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना एक सूचना. भारतीय किटली २३० व्होल्टसाठी असते आणि तिची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. अमेरिकेच्या १२० व्होल्टवर १५०० वॉटची किटली जेमतेम ४०० वॉटची उरते. पाणी तापेल, पण तोवर गप्पा संपलेल्या असतील. उलट तिकडची किटली इथे लावली तर ती साडेतीन पटींहून जास्त शक्ती ओढू पाहील आणि जळेल. सामानात किटली नेऊ नये, आणूही नये. फिल्टर न्यावा.

राहिले पाणी, ज्याचे या क्षेत्रात सगळ्यात कमी कौतुक होते. बोअरवेलच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट तापल्यावर फुटते आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो सायट्रिक ॲसिड घातलेल्या गरम पाण्याने सुटतो. घासणीने खरवडू नये. काळ्या चहावर येणारा तपकिरी तवंगही याच जड पाण्याची करणी आहे. दुसऱ्या टोकाला आरओचे पाणी. त्यातले क्षार फारच काढून टाकलेले असतील तर चहा-कॉफी सपाट लागते. ज्यांच्याकडे आरओच्या नळाशेजारी नगरपालिकेचा नळ आहे त्यांनी दोन्ही पाण्यांवर एकच पूड, एकाच वजनाची, एकाच वेळात करून चाखावी. सोबतच्या माणसाला कोणता पेला कोणता ते सांगू नये.

पुढची प्रकरणे पाणी, दळण, गाळणे, पातेले आणि किटली अशा ओळीने लावली आहेत. घाई असलेल्या वाचकाने किटलीच्या प्रकरणावर उडी मारायला हरकत नाही. फक्त त्यातले कोष्टक पाहून ऑर्डर देण्याआधी दळणाचे प्रकरण वाचावे. ते छोटे आहे.