शेजाराचा इतिहास : वांद्रे, जमीन आणि समाजजीवन

नगरांचा इतिहास बहुधा राज्यकर्ते, बंदरे आणि गिरण्या यांच्या आधाराने लिहिला जातो. उपनगराचा इतिहास लिहायचा, तर जमिनीच्या कागदपत्रांपाशी यावे लागते. उपनगर म्हणजे मुळात शेतजमिनीचे निवासी भूखंडांत झालेले रूपांतर होय. आणि हे रूपांतर ज्या रीतीने होते, त्या रीतीने तेथील शेजार घडतो. माहीमच्या खाडीपलीकडचे वांद्रे हे या दृष्टीने एक अर्थपूर्ण उदाहरण आहे. समुद्र, टेकडी आणि भातखाचरे यांच्यामध्ये वसलेल्या या गावात घराच्या मालकीच्या चार रीती एकामागून एक आल्या : वारशाने चालणारी पाखाडी, भाड्याने दिला जाणारा बंगला, सभासदत्वावर उभी राहिलेली सोसायटी आणि विकत घेतलेला फ्लॅट. नवी रीत आली म्हणून जुनी समूळ नाहीशी झाली नाही. वांद्र्याच्या समाजजीवनातला जिव्हाळा आणि त्यातले ताण या दोहोंचे मूळ या चार रीतींच्या सहवासात शोधावे लागते.

साष्टी बेटाच्या दक्षिण टोकावरचे हे गाव १५३४ च्या तहानंतर वसई प्रांताबरोबर पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. जेझुइटांनी १५७५ मध्ये येथे सेंट अँड्र्यूचे चर्च उभारले. समुद्रात शिरलेल्या टोकावर १६४० चा किल्ला आहे. पुढे मराठ्यांच्या आणि १७७४ पासून इंग्रजांच्या अमलाखाली हा प्रदेश आला. सत्ता बदलत राहिल्या, तरी कोळी, कुणबी, भंडारी अशा जातींतून ख्रिस्ती झालेल्या येथील रहिवाशांची शेती, मासेमारी आणि मराठी बोली टिकून राहिली. त्यांच्या शेजारी हिंदू कोळी होते, आणि बाजाराच्या अंगाला मुसलमानांची वस्ती होती.

या गावाचा मूळ घटक म्हणजे पाखाडी. कोकणात पाखाडी म्हणजे दगडी पायवाट. येथे त्या शब्दाला वस्तीचा अर्थ आला. रानवर, वरोडा, शेर्ली, पाली, चिंबई, चुईम ही नावे अशा वस्त्यांची आहेत. लाकडी सांगाड्याची, कौलारू छपराची, पुढे ओटी असलेली घरे अंगाला अंग लावून उभी असत. माडीवर जाणारा जिना पुष्कळदा घराबाहेरून काढलेला असे, त्यामुळे भाऊ वेगळे झाले तरी घर एकच राहू शके. पाखाडीच्या मोकळ्या जागेत क्रूस असे, आणि मे महिन्यात संध्याकाळी त्याच्यापुढे सामुदायिक प्रार्थना होत. भाताची पहिली कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा आगेरा, लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणले जाणारे उंबराचे पाणी, हे विधी शेत आणि विहीर समाईक असण्याच्या काळातले आहेत. येथे घर हे विक्रीचे द्रव्य नव्हते. त्याला वारस असत, गिऱ्हाईक नसे.

हे स्थैर्य दळणवळणाने हलवले. १८४५ मध्ये माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता खुला झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दिलेली मोठी देणगी प्रसिद्ध आहे. त्याआधी खाडी पडावातून ओलांडावी लागे. पाठोपाठ रेल्वे आली आणि १८६७ मध्ये उपनगरी गाडी सुरू झाली. १८७६ मध्ये वांद्र्याला स्वतंत्र नगरपालिका मिळाली. शहरात व्यवसाय आणि समुद्राकाठी निवास अशी सोय झाल्यावर पाली टेकडीवर आणि किनाऱ्यालगत श्रीमंतांचे बंगले उभे राहू लागले. पाखाडीतल्या सधन कुटुंबांनीही बंगले बांधून ते भाड्याने देण्यास प्रारंभ केला. जमीन धान्याऐवजी भाडे पिकवू लागली.

याच काळात स्थानिक ख्रिस्ती समाजाने स्वतःला नवे नाव दिले. गोवा आणि मंगळूर येथून नोकऱ्यांसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत, कंपनी सरकारचे आपण जुने प्रजाजन आहोत, हे दाखवण्यासाठी त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांची संघटना स्थापन झाली. घरात मराठी बोलणाऱ्या समाजाने इंग्रजी नाव घ्यावे, यात विसंगती दिसेल; परंतु त्यामागे भूमिपुत्रत्वाचा दावा होता. ज्या गावात आपण बहुसंख्य आहोत, तेथेच आपण अनेकांतले एक होणार, याची जाणीव त्या नावात आहे.

१८९६ च्या प्लेगने ही जाणीव खरी ठरवली. मुंबईच्या मांडवी भागात साथ सुरू झाली आणि ज्यांना शक्य होते ते शहर सोडून उपनगरांकडे निघाले. वांद्र्यालाही साथीने सोडले नाही. येथील काही क्रूस त्याच वर्षांतले असून ते साथीपासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेले आहेत. साथ ओसरल्यावर मात्र हवेशीर घर ही केवळ ऐषआरामाची गोष्ट राहिली नाही. गर्दीच्या चाळीपेक्षा मोकळा भूखंड बरा, हा विचार मध्यमवर्गात रुजला. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने त्याला साधन पुरवले. या कायद्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र धरून त्यांतून रस्ते काढायचे, आणि प्रत्येक मालकाला आकाराने लहान पण बांधकामाला योग्य असा नवा भूखंड परत द्यायचा. वांद्रे, खार आणि सांताक्रूझ येथील भातखाचरांचे रूपांतर बव्हंशी या मार्गाने झाले. १९२४ मध्ये खार रोड स्थानक सुरू झाले. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या. बांधांच्या जागी सरळ रस्ते आले आणि काही रस्त्यांना तर नावांऐवजी क्रमांकच मिळाले.

या टप्प्यावर वांद्र्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग घडला. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली गेली होती. त्या पाठोपाठ १९१८ मध्ये वांद्र्यात साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. सभासदांना भूखंड द्यावेत, त्यांवर त्यांनी घरे बांधावीत आणि वसाहतीचे नियमन संस्थेने करावे, अशी तिची रचना होती. एकेकट्याला सावकाराकडे किंवा घरमालकाकडे जावे लागले असते अशा नोकरदार कुटुंबांना परस्परांच्या विश्वासावर घर मिळाले. या संस्थेत पाखाडीतले नाते आणि आधुनिक कायदा यांचा मेळ घातला गेला होता. क्रूसाभोवती जमणारी माणसे आता वार्षिक सभेला जमू लागली.

तथापि पाखाडी आणि सोसायटी यांत एक मूलभूत भेद होता. पाखाडीत माणूस जन्माने येई आणि तिच्या सीमा सवयीने ठरत. सोसायटीत माणूस नियमाने येई, आणि कोणास घ्यावे याबरोबर कोणास घेऊ नये हेही नियमाने ठरत असे. दुर्बल समाजाला पाय रोवता यावेत म्हणून बांधलेली ही भिंत पुढच्या पिढीत इतरांना बाहेर ठेवणारी ठरू शकत होती. सहकार हे समतेचे तत्त्व मानले जाते. परंतु मुंबईतील सहकारी घरांचा आरंभ जात आणि धर्म यांच्या आधारे झाला, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर बंगल्याची रीत प्रथम कोसळली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला आधार मिळाला, हे खरे. परंतु मालकाला दुरुस्तीतही रस उरला नाही. १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबई महापालिकेत समाविष्ट झाले आणि स्वतःची नगरपालिका संपली. १९६३ च्या कायद्याने मालकी हक्काच्या फ्लॅटच्या व्यवहारांना नियमांची चौकट दिली. बंगला ठेवणे तोट्याचे आणि विकणे फायद्याचे झाल्यावर टर्नर रोड, कार्टर रोड येथील बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. सर्वच घरे बळजबरीने गेली नाहीत. पुष्कळशी घरे वाटणीने गेली : चार भावंडे, त्यांतील दोघे परदेशी आणि एक जीर्ण छप्पर, अशा हिशेबात पैसा वाटता येतो, घर वाटता येत नाही.

रुळांच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला, १९६० च्या दशकात सहकाराचे एक वेगळे रूप साकार झाले. मराठी लेखकांनी एकत्र येऊन ‘साहित्य सहवास’ ही वसाहत उभारली. तिच्या इमारतींना ‘झपूर्झा’, ‘शाकुंतल’ अशी साहित्यकृतींची नावे देण्यात आली. विंदा करंदीकर आणि गंगाधर गाडगीळ येथे राहिले, तसे हिंदीतील धर्मवीर भारतीही राहिले. येथे सभासदत्वाचा आधार जन्म नसून व्यवसाय होता, आणि भाषेची सीमाही थोडी सैल झाली होती. एका पिढीपुरता हा शेजार वाङ्मयीन घटना ठरला. परंतु लेखनाचा वारसा मुलांकडे जातोच असे नाही. घराचा वारसा मात्र कायद्याने जातो. व्यवसायावर आधारलेल्या शेजाराची मर्यादा येथे दिसते.

१९९१ हे वर्ष वांद्र्याच्या भूमीसाठी निर्णायक ठरले. फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेलगतच्या बांधकामावर मर्यादा आल्या. त्यानंतरच्याच महिन्यात आलेल्या मुंबईच्या विकास नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद केली. मूळ शहरातील जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क उत्तरेकडील उपनगरांत वापरता येऊ लागला. जमीन जागेवरच राहिली आणि तिच्यावरची उंची मात्र प्रवास करू लागली. पाण्याच्या कडेला संयम आणि आतल्या रस्त्यांवर वाढीव मजले, असे विचित्र चित्र निर्माण झाले.

या दोन नियमांच्या कात्रीत पाखाडी आणि कोळीवाडा सापडले. चिंबई आणि दांडा येथील कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या होड्या ओढल्या आणि मासळी वाळवली, ती वाळू त्यांच्या नावावर नव्हती. वापर होता, कागद नव्हता. किनाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांनी त्यांच्याही घरदुरुस्तीला अडथळा आला. २०११ च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा स्वतंत्र विचार करावा लागला, तो त्यामुळेच. दुसरीकडे बँडस्टँड आणि कार्टर रोड येथील समुद्रकाठ रहिवाशांच्या पुढाकाराने स्वच्छ करून सर्वांना फिरण्यासाठी मोकळा ठेवण्यात आला. किनारा हा कोणाच्या सोसायटीचा भाग नाही, हे नागरिकांनीच मान्य करण्याचे ते एक दुर्मिळ उदाहरण होय. मात्र फिरावयास येणारा आणि जाळे वाळवणारा यांची किनाऱ्याची गरज एक नाही, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

सोसायटीच्या भिंतीचा प्रश्न २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. प्रकरण अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचे होते. सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा पोटनियम न्यायालयाने वैध मानला. अल्पसंख्य समाजांना हा निर्णय आश्वासक वाटणे स्वाभाविक आहे, कारण जमिनीचे भाव चढत असताना संख्येने लहान समाज विखुरला तर त्याचे चर्च, अग्यारी, बोली आणि सणही विखुरतात. पण एखाद्या होतकरू कुटुंबाला केवळ नावामुळे घर नाकारले जाते, तेव्हा त्याच पोटनियमाचा अर्थ वेगळा होतो. नियम सारखाच असतो. तो आपले स्थान टिकवू पाहणाऱ्या दुर्बलाच्या हाती आहे की इतरांना दूर ठेवू पाहणाऱ्या सबळाच्या, यावर त्याचे मूल्य ठरते. वांद्र्यात १९१८ साली जो आधार होता, तो शंभर वर्षांनी तसाच आधार राहिला आहे की नाही, हे प्रत्येक संस्थेने आपल्या सभासदांची यादी समोर ठेवून तपासावे लागेल.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा भरते. कोळी तिला मोतमावली म्हणतात. नवसासाठी विकल्या जाणाऱ्या मेणाच्या प्रतिमांत हात, पाय, बाळ यांच्याबरोबर एक छोटे घरही असते. ते वाहणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच असतात. त्यांतील फार थोड्यांना त्या टेकडीच्या पायथ्याशी घर घेणे परवडेल. पाखाडी, बंगला, सोसायटी आणि फ्लॅट यांपैकी कोणत्याही रीतीने ज्यांना येथे जागा दिली नाही, त्यांचाही वांद्र्याच्या समाजजीवनात वाटा आहे. या उपनगराचा इतिहास केवळ मालकांच्या नोंदींवरून लिहिला, तर ही माणसे त्यात सापडणार नाहीत.