डोलवी ते ताम्हिणी, मागे गाडी नाही: ग्रुपने बाईकपॅकिंगला निघताना नेमकी काय तयारी लागते?

हिवाळा आला की इन्स्टावर एक रील हमखास फिरतं. धुक्यातला घाट, सामान बांधलेल्या चार-पाच सायकली, टपरीवरचा चहा आणि मागे एखादं हळवं गाणं. कमेंटमध्ये मित्राला टॅग करून लिहिलेलं असतं, "भावा, कधी?" त्या रीलमध्ये चौथ्या मिनिटाला पंक्चर झालेलं चाक नसतं आणि नेटवर्क नसलेल्या वळणावर थांबलेला ग्रुपही नसतो. म्हणून हा सगळा प्रकार मुळातून समजून घेऊ. उदाहरणाला पेण तालुक्यातलं डोलवी घेऊ, कारण समुद्रसपाटीवरून थेट सह्याद्रीत शिरायला इतकी सोयीची जागा शोधून सापडत नाही.

बाईकपॅकिंग म्हणजे काय?

पहिली गोष्ट, इथे 'बाईक' म्हणजे सायकल. दुसरी गोष्ट, जुन्या पद्धतीच्या सायकल टूरिंगमध्ये मागे लोखंडी कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना मोठ्या पिशव्या असायच्या. बाईकपॅकिंगमध्ये कॅरिअर नसतो. पट्ट्यांनी बांधलेल्या लहान बॅगा असतात: एक हँडलला, एक फ्रेमच्या त्रिकोणात, एक सीटखाली. सायकल अरुंद राहते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर चालवता येते.

'सेल्फ-सपोर्टेड' म्हणजे मागे मदतीची गाडी नाही. हा फरक किती मोठा आहे ते आपल्याच माणसांकडे बघून कळतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीमने पूर्ण केली. अफाट कामगिरी, पण त्या शर्यतीत मागे गाडी आणि अख्खी टीम असतेच, नियमच तसा आहे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये साधारण 29 हजार किलोमीटर सायकल चालवत जग फिरली. बहुतेक प्रवास एकटीने, सामान स्वतःच वाहून. स्पेनमध्ये तिला लुटण्यात आलं, तरी ती पुढे गेली. दोन्ही कामं अवघड, पण तयारी पूर्ण वेगळी.

आपण दोन-तीन दिवसांच्या ट्रिपबद्दल बोलतोय. तत्त्व मात्र तेच: जे जवळ नाही, ते नाही.

आधी रस्ता

डोलवीहून निघालं की पहिला टप्पा मुंबई-गोवा महामार्गाचा. नागोठण्यावरून कोलाडपर्यंत साधारण 40 किलोमीटर. चढ नगण्य, पण अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात धोक्याचा भाग हाच, असं माझं मत. स्टील प्रकल्पामुळे या पट्ट्यात अवजड ट्रकची वर्दळ असते. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि ते किती रखडलं हे रायगडकरांना सांगायला नको. उजाडताच निघावं, एकामागोमाग एक चालवावं, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. मुंबईहून येणाऱ्या मित्रांना हा रस्ता टाळून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने सायकलसह मांडव्याला उतरता येतं, तिथून अलिबागमार्गे वडखळ.

कोलाडला महामार्ग सोडून सुतारवाडीमार्गे विळ्याकडे वळलं की खरी ट्रिप सुरू होते. विळ्यापासून ताम्हिणी घाट चढायला लागतो. डोलवी जवळपास शून्य मीटरवर, घाटाचा माथा 600 मीटरच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण सामानासकट चढताना वेग ताशी 6 ते 8 किलोमीटरवर येतो. चालणाऱ्यापेक्षा थोडाच जास्त.

म्हणूनच वजन. समजा तुम्ही आणि सायकल मिळून 90 किलो. त्यात 10 किलो सामान चढवलं, तर तेवढ्याच ताकदीने तासाभराचा चढ सहा-सात मिनिटांनी लांबतो. एका चढाला ठीक आहे. तीन दिवसांत पाच चढ असतील तर गुडघे हिशेब मागतात. जड वस्तू (हत्यारं, पाणी, स्टोव्ह) फ्रेमच्या बॅगेत, खाली आणि मध्यभागी. हँडलला फक्त हलकं: स्लीपिंग बॅग, जास्तीचा टी-शर्ट. हँडल जड झालं की उतारावर सायकल ऐकत नाही.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकी महिन्यांत हौस असली तरी नको.

पावसाळ्यातला ताम्हिणी सुंदर दिसतो हे खरं. पण 25 जुलै 2024 ला इथे 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. याच रायगडात जुलै 2021 मध्ये तळिये आणि जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पावसाळ्यात प्रशासन घाट बंद ठेवतं ते उगाच नाही. उलट टोक उन्हाळ्याचं. मार्च 2017 मध्ये इथल्याच भिऱ्याला 46.5 अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. त्या आकड्यावर नंतर वाद झाला, पण मार्चनंतर दुपारी या भागात सायकल चालवलेल्या कुणालाही तो आकडा फार खोटा वाटणार नाही.

हिवाळ्यातही कोकणातला दमटपणा असतोच. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं आणि घामातून मीठ जातं. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, बस. घाट सुरू होण्याआधी विळ्यातच सगळ्या बाटल्या भरून घ्याव्यात, वर मिळेल या भरवशावर राहू नये.

खाण्याच्या बाबतीत परदेशी व्हिडिओ एनर्जी जेल सांगतात. आपल्याकडे त्याहून स्वस्त आणि मुरलेला पर्याय आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात, त्या प्रवासासाठीच तर केल्या जायच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याची चिक्की, गूळ, खजूर. भूक लागण्याआधी, दर तासाला थोडं थोडं खायचं. भूक लागून पाय लटपटायला लागले की मग पोटभर जेवूनही लगेच ताकद येत नाही.

सायकल कोणती, दुरुस्ती कोण करणार?

महागडी नको, चढाला सोपी हवी. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र निदान सारख्या दात्यांचं असलं तर सामानासह घाट चढता येतो. टायर 38 मिलिमीटरच्या पुढे जाड.

ग्रुपचा खरा फायदा दुरुस्तीत आहे, आणि नेमका तिथेच बहुतेक ग्रुप फसतात. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांनी एकत्र बसून सायकली शेजारी लावा. चाकांचे आकार सारखे आहेत का? ट्यूबचा वॉल्व्ह कारसारखा जाड आहे की बारीक? गावातल्या पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरला जाडच चालतो. बारीक असेल तर पितळी अडॅप्टर घ्या. काही रुपयांची वस्तू आहे, ती नसली की अख्खा दिवस जातो. गावातला कारागीर पंक्चर उत्तम काढतो, वाकलेलं चाकही सरळ करून देईल. ऑइलचे डिस्क ब्रेक मात्र त्याच्याकडे होतीलच असं नाही. चेनची जोडकडी, ब्रेक पॅड, गिअर जिथे अडकवलेला असतो तो लहान हँगर (पडल्यावर आधी हाच वाकतो), पॅच, केबल टाय हे सोबतच हवं.

स्टोव्ह, तंबू, प्रथमोपचार, मोठी हत्यारं वाटून घ्यावीत. पण ट्यूब, पंप, दिवा, पाणी, थोडी रोकड प्रत्येकाकडे स्वतःची हवी. एकच पंप असला की तो कायम सगळ्यात वेगवान मित्राच्या बॅगेत असतो. आणि तो मित्र कायम चार किलोमीटर पुढे असतो!

माणसांची तयारी

चार ते सहा जण हा चांगला आकडा. चार का? एकाला लागलं तर एकजण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मिळून मदत आणायला जातात. कुणीच एकटं पडत नाही. तिघांत हे गणित बसत नाही, आणि आठ-दहा जण झाले की निम्मा दिवस एकमेकांची वाट बघण्यात जातो.

ट्रेकवाल्यांची 'लीड' आणि 'टेल'ची पद्धत इथेही चालते. टेलला अनुभवी माणूस ठेवायचा, तो कुणाच्याही पुढे जात नाही. प्रत्येक फाट्यावर सगळे येईपर्यंत थांबायचं. वेग सगळ्यात हळू माणसाचा.

वाद मात्र वेगावरून कमी आणि 'पुढे जायचं की इथेच थांबायचं' यावरून जास्त होतात. त्यामुळे हा निर्णय घरीच घ्या. उदाहरणार्थ, दुपारी दोनपर्यंत विळे गाठलं नाही तर घाट आज नाही, मुक्काम खालीच. थकलेल्या माणसाला हे रस्त्यात पटवणं अवघड जातं, कारण प्रत्येकाला आपण अजून ठीक आहोत असंच वाटत असतं. पैशांसाठी एक कॉमन गंगाजळी आणि एकच हिशेबनीस.

ट्रिपआधी एक रात्र सगळं सामान लादून जवळच मुक्काम करून या. ग्रुपमधल्या कुणाला स्वतःचा कस बघायचा असेल तर ऑडॅक्स इंडियाच्या 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेटमध्ये उतरावं. साडेतेरा तासांची मर्यादा असते आणि तिथेही स्वतःची दुरुस्ती स्वतःच करायची असते.

रात्र कुठे काढायची?

ताम्हिणी आणि सुधागड दोन्हीकडे अभयारण्य आहे. रोहा-मुरुडकडे वळलात तर फणसाड. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही आणि शेकोटी तर नकोच. कड्याखाली धूर केला की आग्या मोहोळ उठतं, मग पळायला जागा नसते. गावात सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारून देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपणं ही सह्याद्रीतली जुनी रीत आहे. गावाला तुम्ही कोण, किती जण आणि उद्या कुठे जाणार हे माहीत असणं हीच मोठी सुरक्षा.

कोकणात फुरसं बरंच आढळतं. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काहीही करायचं नाही. तो भाग हलू न देता माणसाला आडवं ठेवायचं आणि 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय.

फोन लागला तर! घाटात कुठे रेंज जाते ते आधी विचारून नकाशावर खूण करून ठेवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. परदेशी व्हिडिओत सर्रास दिसणारं सॅटेलाइट मेसेंजर यंत्र इथे मागवू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, विमानतळांवर परदेशी पर्यटक त्यासाठी अडकलेत. त्याऐवजी घरी एका माणसाकडे रस्ता, मुक्कामाची गावं आणि सगळ्यांचे नंबर लिहून ठेवा. रोज रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर त्याने नेमकं कुणाला कळवायचं, हेही त्याच कागदावर लिहा. 112 आहेच. डोंगरात अडकलेल्यांसाठी राज्यातल्या गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी पथकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरही आहे, त्यांची हेल्पलाइन निघण्याआधीच सेव्ह करा.

आणि उतार. ताम्हिणीहून परत विळ्याकडे येताना लादलेली सायकल फार लवकर वेग घेते. ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो आणि नेमका वळणावर दगा देतो. वळणाच्या आधी जोरात दाबायचा, मग सोडायचा. दोन सायकलींमध्ये भरपूर अंतर ठेवायचं. रील शूट करायचं असेल तर पूर्ण थांबून, रस्त्याच्या कडेला.