गोफण ते यंत्रमानव

आमच्या धाडच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली, की अब्बा माळ्यावर चढून गोफण फिरवीत. दगड कुठे पडणार, हे हाताच्या जोराइतकंच दोरीचं टोक कोणत्या क्षणी सुटलं यावर ठरतं. हे शास्त्र अब्बा पुस्तकातून शिकले नव्हते.

परवा इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला. म्हणाला, "मामू, आम्ही स्पर्धेसाठी चेंडू फेकणारा रोबो करतोय."

चेंडूफेकीच्या यंत्राचा इतिहास तसा जुना. 'फेलिक्स' या नावाने क्रिकेट खेळणाऱ्या एका इंग्रज शाळामास्तराने १८३७ च्या सुमारास 'कॅटापुल्टा' हे गोलंदाजीचं यंत्र आणलं. प्रेरणा जुन्या युद्धयंत्रांची. तटावर धोंडे फेकणारी युक्ती फलंदाजाच्या सरावाला आली! पुढे चाकांची यंत्रं निघाली. दोन फिरत्या चाकांच्या फटीत चेंडू सरकवला, की तो भिरकावला जातो. चाकांचे वेग वेगवेगळे ठेवले, की त्याला फिरकी मिळते.

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांची संघटना. तिची 'रोबोकॉन' स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ मध्ये ती पुण्यात भरली, तेव्हा विषय होता आपला गोविंदा आणि दहीहंडी! २०२५ साली मंगोलियातल्या उलानबातरला यंत्रमानव बास्केटबॉल खेळले.

भाच्याच्या पहिल्या नमुन्यात एक चेंडू बरोबर पडे, लगेच सोडलेला दुसरा अलीकडेच. कारण पहिला चेंडू चाकाची ताकद घेऊन जाई आणि चाक मंदावे. मग मुलांनी जड चाक लावलं, वेग मोजणारा सेन्सर बसवला. वेग भरल्याशिवाय चेंडू पुढे सरकायचाच नाही.

मी म्हणालो, "अरे, अब्बाही गोफणीला वेग भरल्यावरच दोरी सोडत."

"मग दाखवा ना मामू, गोफण!"

मी ओशाळलो. शिवारात सोयाबीन आलं, ज्वारी आटली, माळे गेले. घरात गोफण नव्हती आणि मला ती विणताही येत नव्हती. माझ्या कवितेत ती कितीदा आली असेल. पण शब्द तेवढा राहिला, हातातली विद्या गेली.

शेवटी शेजारच्या वृद्ध काकांनी सुतळीची गोफण विणून दिली. भाचा शेजारी बसून वीण शिकला. या वेळी मीही बसलो.