विंचवाचं बिऱ्हाड: प्रवासात घर सोबत न्यावं का?



आजचा विषय आमच्या घरातून आला आहे. आम्ही चेन्नईत राहणारं मराठी कुटुंब. घरात आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गेले काही महिने आमच्याकडे एकच चर्चा चालू आहे: गाडीमागे जोडायचा, झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेला ट्रेलर घ्यायचा की नाही? मुलगा म्हणतो घ्यायचा. त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजीचे गुडघे गेले आहेत, तिला खाली बसता येत नाही, रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांची तिला इतकी धास्ती आहे की ती प्रवासात पाणीच पीत नाही. चार वर्षांपासून तिचं रामेश्वर राहिलं आहे. ट्रेलर घेतला तर घरच तिच्याबरोबर जाईल, असं त्याचं म्हणणं.

किंमत विचारली, तर आमच्या गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे हौस म्हणून घेऊन टाकावं इतकी ही लहान गोष्ट नाही. मी इतिहास सांगणारा माणूस, म्हणून माझ्या सवयीनं प्रश्न मागे नेला. प्रवासाला निघताना घर सोबत नेणं कोणाला परवडलं, कोणाला गरजेचं होतं आणि ज्यांनी नेलं नाही त्यांचं कसं निभावलं?

आपल्याकडे म्हणच आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला आपण ती ऐकवतो आणि सूर जरा कीव केल्याचा असतो. पण अठराव्या शतकातल्या मराठ्यांना पाठीवरच्या बिऱ्हाडाची कीव वाटली नसती. त्यांच्या फौजा वर्षातले आठ-आठ महिने मुलखाबाहेर असत आणि बिऱ्हाड बरोबर चाले.

या फिरत्या घराचं चांगलं वर्णन थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानं केलं आहे. १८०९ साली तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरला आणि तेव्हा लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १८१३ मध्ये निघालं. तो सांगतो, की मुक्काम हलायचा असला की बिनीवाला पुढे जाई. नव्या जागी पोचून तो एक लहान पांढरं निशाण रोवी. त्या निशाणावरून शिंद्यांचे डेरे कुठे पडणार ते ठरे आणि त्या अनुरोधानं बाजार आणि सरदारांचे तळ आपापल्या जागी बसत. गाव रोज नवं, पण गावाचा नकाशा तोच. आपल्यात बिनीवाले आडनावाची माणसं आहेत, 'बिनीचा शिलेदार' हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. तो शब्द या पुढे जाणाऱ्या तुकडीचा आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पाठीवरचं बिऱ्हाड कधीच एकटं नसतं. त्याच्यापुढे जागा शोधणारा कोणीतरी लागतो. उतरायला सपाट जमीन लागते, जवळ पाणी लागतं, जनावरांना चारा लागतो. बिनीवाला नसला तर डेरे बैलांच्या पाठीवरच राहतील.

आता आमच्या तामिळनाडूतल्या मराठी माणसाकडे येऊ. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे. जन्म १७७७, गादीवर आले १७९८ मध्ये. १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग तेवढा उरला. हे राजे १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले आणि १८२२ मध्ये परतले. बरोबर सुमारे तीन हजार माणसं होती. काशी, प्रयाग, गया अशी ती त्रिस्थळी यात्रा. तिच्यावर रचलेल्या मराठी लावण्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं छापल्या आहेत.

तीन हजार माणसांचं बिऱ्हाड घेऊन दोन वर्षं चालणं हा खर्च का करावा? कारणं स्वच्छ आहेत. वाटेत परका मुलूख. राजाला साजेसा मुक्काम दर आठ-दहा कोसांवर कुठून मिळणार? सोवळ्याचा स्वयंपाक, देवपूजा, वैद्य, पहारा हे सगळं स्वतःचं हवं. आणखी एक कारण उघड बोललं जात नसे. राज्य गेलं होतं, पण यात्रेच्या वाटेवर तरी राजानं राजासारखं दिसायला हवं होतं. म्हणजे बिऱ्हाडात सोय होती आणि मिरवणूकही होती. ट्रेलर बघायला गेलेल्या कुठल्याही माणसानं हे दोन हिशेब वेगळे मांडून पाहावेत. आम्ही मांडले. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरण्यासाठी किती आणि आईसाठी किती, हा प्रश्न मी घरात विचारला तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही.

याच सरफोजी राजांची दुसरी बाजू माझ्या दृष्टीनं जास्त मोलाची आहे. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर त्यांच्या घराण्यानं छत्रं बांधली होती. छत्र म्हणजे आपली धर्मशाळा आणि अन्नछत्र एकाच ठिकाणी. पुष्कळ छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. नीडामंगलमचं यमुनांबाचं छत्र, ओरत्तनाडूचं मुक्तांबाचं छत्र. ओरत्तनाडूचं हे छत्र खुद्द सरफोजींच्या काळातलं, मुक्तांबाच्या नावानं उभारलेलं. तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागलात की ते गाव लागतं.

या छत्रांत वाटसरूला शिजलेलं अन्न मिळे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सगळ्या जातींना मिळे, अर्थात त्या काळच्या रीतीनं. आजारी पडलेल्याला औषधपाणी होई आणि काही छत्रांत मुलांना शिकवण्याचीही व्यवस्था होती. राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यावर छत्रांच्या जमिनीही जातात की काय, अशी शंका आली. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून छत्रांचं काम तपशिलानं सांगितलं आणि ती आपल्याकडेच राहावीत असा आग्रह धरला. राज्य सोडताना ज्या मोजक्या गोष्टींसाठी हा राजा अडून बसला, त्यांत वाटसरूंचं जेवण होतं.

म्हणजे प्रवासाचे दोन मार्ग एकाच राजाच्या आयुष्यात दिसतात. स्वतः निघाला तेव्हा घर सोबत नेलं, आणि इतरांसाठी वाटेवर घरं राखली. सामान्य यात्रेकरूचा मार्ग कायम दुसरा होता. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे आठवा. त्यांचा 'माझा प्रवास' आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. गोडसे भटजींकडे डेरे नव्हते. देवळं, ओळखीपाळखी, दात्यांची घरं यांवर ते गेले आणि येताना खांद्यावर आणली ती गंगेची कावड. आईवडिलांना स्नान घालायचं होतं म्हणून तेवढं एकच ओझं त्यांनी इतक्या लांबून वाहिलं. जे वाटेत मिळत नाही तेवढंच वाहायचं, हा गरिबाच्या प्रवासाचा नियम आहे.

मग मौजेसाठी चाकांवरचं घर आलं कुठून? त्याचा इतिहास विलायतेत सुरू होतो. निवृत्त नौदल डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी बनवून घेतली. १८८५ मध्ये ती घेऊन ते इंग्लंडमधून स्कॉटलंडच्या इन्व्हरनेसपर्यंत गेले. फिरस्ते लोक चाकांच्या घरात आधीपासून राहतच होते, पण केवळ हौसेनं फिरण्यासाठी बांधलेली ही पहिली गाडी मानली जाते. तिचं वजन दोन टनांच्या आसपास. रेल्वेनं लांबची वाहतूक ओढून नेल्यामुळे जुने हमरस्ते रिकामे पडले होते, म्हणून ती तिथे चालू शकली. आणि गंमत पाहा, स्टेबल्स यांचा नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जाई, वाट मोकळी आहे का ते बघायला. बिनीवाला तिथेही सुटला नाही!

१९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब निघाला. पुढे मोटारी आल्या आणि तळांचं जाळं वाढत गेलं. पाणी भरायची, वीज जोडायची, मैल्याची टाकी रिकामी करायची सोय असलेल्या जागा तयार झाल्या. पाश्चात्त्य कुटुंबाचा ट्रेलर स्वतंत्र दिसतो, पण त्याच्या पाठीशी हजारो तळ उभे आहेत. ते तळ म्हणजे त्यांची छत्रंच.

आमच्या चेन्नईत चाकं बनवण्याची कमतरता कधीच नव्हती. सिम्पसन कंपनी इथे १८४० पासून, घोडागाड्या बांधत बांधत तिनं १९०३ मध्ये वाफेवरची मोटार रस्त्यावर आणली. एन्नोरला ट्रकचे कारखाने आहेत. तरीही इथे 'कॅराव्हॅन' म्हटलं की लोकांना कोडंबाक्कमच्या सिनेमावाल्यांची, नटांच्या विश्रांतीची गाडी आठवते. कुटुंबाची सहल आठवत नाही. याचं एक कारण मला वाटतं रेल्वे. १ जुलै १८५६ ला रॉयपुरमहून वालाजा रोडला गाडी सुटली आणि दक्षिणेत रेल्वे आली. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि रामेश्वर रेल्वेला जोडलं गेलं. १९५५ पासून पेरांबूरच्या कारखान्यात डबे बनू लागले. झोपायला फळी, धुवायला पाणी, डब्यातच संडास, आणि सोबत डबा-लोटा-वळकटी घेतलेली माणसं. आपल्या सामान्य कुटुंबाचं चाकांवरचं घर हेच. ते विकत घ्यावं लागलं नाही, तिकिटावर मिळालं.

आता आमचा हिशेब. प्रवासात घर चार कामं करतं: झोपवतं, जेवू घालतं, संरक्षण देतं आणि नहाणीघर पुरवतं. सरफोजींच्या यात्रेत ही चारही कामं वाटेवर मिळण्याचा भरवसा नव्हता. आज चेन्नईहून तंजावर साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. त्या वाटेवर जेवण पावलोपावली, तेही पानावरचं. लॉज प्रत्येक तालुक्याच्या गावी. रात्रीची भीती नाही. चौथं काम मात्र अजून लंगडं आहे. गुडघे न वाकणाऱ्या माणसाला बसता येईल असं स्वच्छ शौचालय हमखास मिळेल, असं मी आईला सांगू शकत नाही. म्हणजे चार कामांतलं एकच वाहून न्यायचं उरतं. एका कामासाठी चारही कामांचं घर ओढायचं का?

ट्रेलरची स्वतःचीही मागणी असते. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी. ओढणाऱ्या गाडीची ताकद त्याला पुरेशी हवी. आमच्या इमारतीत एका घराला एकच गाडी लावायची जागा. वर्षातले वीस-पंचवीस दिवस सोडले तर तो कुठेतरी भाड्याच्या जागेत समुद्राची खारी हवा खात उभा राहणार, आणि डिसेंबरच्या चक्रीवादळात त्याची काळजी आम्हाला. वाटेत उतरायचं कुठे, हा तर मुख्य प्रश्न. महाराष्ट्रानं आणि केरळनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली, त्यांत गाड्यांच्या तळांचाही विचार आहे. पण धोरण निघणं आणि आमच्या वाटेवर दर दोनशे किलोमीटरला पाण्याचा नळ व मैला उतरवायची जागा असणं, यांत अंतर आहे. तोवर आमच्यापुढे जाणारा बिनीवाला कोण?

ज्यांना रानात, धरणाकाठी, लॉज नसलेल्या जागी वारंवार जायचं आहे, ज्यांच्या घरी सतत उपकरणं लागणारा रुग्ण आहे, ज्यांच्याकडे मोकळं अंगण आहे, त्यांचा हिशेब वेगळा येईल. त्यांनी आधी महिनाभर भाड्यानं घेऊन बघावं.

आम्ही ट्रेलर घेत नाही आहोत. त्याऐवजी दोन गोष्टी ठरल्या. लांबचा पल्ला रेल्वेनं. पांबनचा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून गाड्या पुन्हा थेट रामेश्वरात जाऊ लागल्या आहेत. आणि गाडीनं जायचं तेव्हा घडीची कमोड खुर्ची, एक उभा लहान तंबू आणि पाण्याचा कॅन एवढंच सोबत. गोडसे भटजींच्या कावडीसारखं, वाटेत न मिळणारं तेवढंच. मुलाला हे पटायला दोन दिवस लागले. तळांचं जाळं झालं की विषय पुन्हा काढायचा, असा शब्द त्यानं माझ्याकडून घेतला आणि तो मी मोकळ्या मनानं दिला.

आईला खुर्ची दाखवली. तिनं ती स्वतः दोनदा उघडून मिटून पाहिली आणि विचारलं, "रामेश्वराला जाताना ते ओरत्तनाडूचं छत्र वाटेत लागतं का रे?" रेल्वेनं लागत नाही. म्हणून जाताना रेल्वे आणि मुक्तांबाच्या छत्रासाठी तंजावरहून एका दिवसाची भाड्याची गाडी, असा बेत आहे. जानेवारीत, पोंगलच्या सुट्टीनंतर, गर्दी ओसरली की निघू.